गॅस भरपूर, ऊब बेताची

अमेरिकेत चाकांवरचं घर ओढत फिरणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथातले लोक मुक्कामाला पोचले की खांबावरच्या पेटीत जाडजूड वायर खुपसतात, नळाला पाइप लावतात, सांडपाण्याची नळी जमिनीतल्या भोकात सोडतात आणि मग टीव्ही लावून निसर्गाच्या सान्निध्यात बसतात. या जोडण्यांना मिळून ‘हुकअप’ म्हणतात. दुसऱ्या पंथाला हुकअप वर्ज्य. कुणी पैसे वाचावेत म्हणून त्यात शिरतो, कुणी शांतता मिळावी म्हणून, आणि कुणी हुकअपवालं बुकिंग मिळालं नाही म्हणून. फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या एका मराठी कुटुंबाने दीक्षा घेतली ती या तिसऱ्या मार्गाने.

जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी असते. तिला जोडून रजा टाकायची, भाड्याचा ट्रेलर पिकअपमागे लावायचा आणि निफाडहून आलेल्या सासू-सासऱ्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं, असा जावयाचा बेत. कॅन्यनच्या दक्षिण काठावर, नॅशनल पार्कच्या आत, ट्रेलरसाठी दोन शेजारशेजारच्या जागा आहेत. ट्रेलर व्हिलेजमध्ये हुकअप आहेत, मेदर कॅम्पग्राउंडमध्ये नाहीत. जावयाने मुहूर्त काढून संगणक उघडेपर्यंत पहिली जागा भरली होती.

“म्हणजे तिथं लाईट नाही?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

“रात्री तरी येते ना?”

प्रश्न वाजवी होता. शेतीपंपाची वीज आठवड्याआड रात्रपाळीला येते आणि बाराच्या ठोक्याला हातात विजेरी घेऊन मोटार चालू करायला बांधावरून जावं लागतं, हे ज्याने आयुष्यभर केलं, त्याच्या लेखी ‘लाईट नाही’ याचा अर्थ ‘अजून आलेली नाही’ एवढाच असतो.

थंडीची तर त्यांना फिकीरच नव्हती. महाराष्ट्रात थंडीची बातमी म्हणजे निफाडची बातमी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर उतरला की तो पेपरात पहिल्या पानावर चढतो. द्राक्षाच्या मण्यांची फुगवण गारठ्याने थांबते, तयार मण्यांना तडे जातात. म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. “आम्ही उघड्यावरची अख्खी बाग उबदार ठेवतो,” सासरेबुवा म्हणाले, “या बावीस फुटी डब्याचं काय घेऊन बसलात, जावईबापू!”

फिनिक्स समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांवर आहे. तिथून उत्तरेला निघालं की रस्ता चढतच राहतो. सुरुवातीला हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग दिसतात, मग ते विरळ होतात, आणि जेवायच्या वेळेला दोन हजार शंभर मीटरांवरचं फ्लॅगस्टाफ येतं. तिथे पाइनचं जंगल आणि रस्त्याकडेला फावड्याने सारलेला बर्फ. सकाळी हाफशर्टात निघालेले सासरेबुवा दुपारी कानटोपीत होते. सासूबाईंनी खिडकीवर बोट टेकवून पाहिलं आणि मागच्या सीटवरची गोधडी पुढे ओढली. ती लेकीला द्यायला आणलेली होती. फ्लॅगस्टाफला तो विचार स्थगित झाला.

ट्रेलर बाहेरून देखणा होता. आत दोन बिछाने, ओटा, जेवणाचं टेबल आणि बसल्यावर गुडघे दाराला लागतील असं स्वच्छतागृह. भिंती मात्र दीड-दोन इंचांच्या, खिडक्या एकेरी काचेच्या. पुढच्या टोकाला नऊ-नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर. या थंडीत गॅस गोठेल अशी शंका सासूबाईंनी काढली आणि ती अडाणी नव्हती. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचं नाकारतो. इथल्या सिलिंडरमध्ये जवळजवळ निखळ प्रोपेन असतो. तो उणे ४२ अंशांपर्यंत थंडीला दाद देत नाही.

गॅसवर चालते ती फर्नेस. ती ओट्याखाली दडलेली असते. तिच्यात ज्वाला एका बंद पेटीत जळते, ज्वालेला लागणारी हवा बाहेरून येते, धूर बाहेरच जातो आणि पेटीवरून फिरवलेली खोलीतली हवा तेवढी गरम होऊन जमिनीतल्या जाळ्यांमधून वर येते. अशा फर्नेस तासाला २०,००० ते ३०,००० बीटीयू उष्णता देतात. आपला दीड किलोवॉटचा रूम हीटर तासाला साधारण ५,१०० देतो, म्हणजे इथे चार ते सहा हीटर एकदम लावल्याचं सुख. जावयाने भिंतीवरचं बटण सरकवलं. आधी पंखा घरघरला, मग टक्-टक्-टक्, मग भुस्स! सासरेबुवा उठून उभे राहिले. “गाडी कुणी चालू केली?”

पहिला तास बरा गेला. नंतर पंखा चालू, पण हवा गार. जावयाने पुस्तिका उघडली, मुलीने मोबाइल उघडला आणि सासूबाईंनी चकल्यांचा डबा काढायला बॅग उचलली, तशी जमिनीतून ऊब आली. बॅग बरोब्बर जाळीवर ठेवलेली होती. गरम हवेला वाट मिळाली नाही की फर्नेस तापते आणि तिच्यातला सुरक्षेचा स्विच ज्योत तोडतो. कसारा घाटापासून मांडीवर सांभाळलेली ती बॅग मग बिछान्यावर गेली आणि सासरेबुवा भिंतीला चिकटून झोपले.

दक्षिण काठावर जानेवारीतली रात्र उणे आठ अंशांपर्यंत सहज जाते. पहाटे तीनच्या सुमारास ट्रेलरमध्ये कसलंतरी यंत्र कुईं करून ओरडलं. फर्नेसचा पंखा फिरत होता, पण रेंगाळत. ऊब नव्हती. सिलिंडर हलवून पाहिला, तो जड लागला. गॅस भरपूर होता.

अडचण विजेची होती. गॅसची ही फर्नेस बारा व्होल्टच्या बॅटरीवरच्या पंख्याशिवाय काहीच करत नाही. तिच्या पोटात ‘सेल स्विच’ नावाचं एक चिमुकलं पातं असतं. पंख्याची हवा पुरेशा जोराने त्यावर आदळली तरच ते मिटतं आणि मगच गॅसला पुढे जायची परवानगी मिळते. बॅटरी खचली की पंखा मंदावतो, पातं हलत नाही, ज्योत पेटत नाही. पंखा मात्र उरलीसुरली बॅटरी खात फिरत राहतो. ओरडणारं यंत्र गॅसगळती ओळखणारं होतं. तेही त्याच बॅटरीवर जगत होतं आणि आपली उपासमार कळवत होतं.

जावई इंजिनिअर, त्यामुळे त्याने अंधारात हिशेब मांडला. बॅटरी ८० अँपिअर-तासांची, शिशाची. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे हाताशी ४०. कडाक्याच्या थंडीत तिची धारणशक्ती पाव हिस्सा घटते, म्हणजे तीस. पंखा सात अँपिअर खाणार, बाहेर एवढी थंडी असल्यावर निम्म्याहून जास्त वेळ चालणार. वर दिवे, पाण्याचा पंप, सासूबाईंनी ‘भुताटकी नको’ म्हणून चालू ठेवलेला पॅसेजमधला दिवा. तीन वाजेपर्यंत टिकली हेच विशेष.

“मग लाईटचाच हीटर लावायचा की बॅटरीवर,” सासरे म्हणाले.

जावयाने तोही हिशेब सांगितला आणि तो ऐकून सगळे काही क्षण थंडी विसरले. नऊ किलो प्रोपेनमध्ये साधारण १२५ युनिट उष्णता असते. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यात एक युनिट. म्हणजे बाहेरच्या दोन सिलिंडरांची बरोबरी करायला तशा अडीचशे बॅटऱ्या लागतील. दीड किलोवॉटचा हीटर एका बॅटरीवर पाऊण तासही चालणार नाही.

“म्हणजे,” सासऱ्यांनी समेवर आणलं, “अडीचशे युनिट दारात उभे आहेत आणि एक युनिट सही करत नाही म्हणून फाइल अडलीय.”

पिकअपचं इंजिन चालू करून बॅटरी भरता आली असती, पण रात्री दहानंतर कॅम्पग्राउंडवर शांतता पाळायची असते. जनरेटरलाही सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास. तेव्हा दुसरा उपाय निघाला: अर्ध्या किलोच्या हिरव्या डबीवर चालणारा, हातात उचलून नेता येणारा गॅस हीटर. त्याला वीज लागत नाही. तासाला चार ते नऊ हजार बीटीयू देतो आणि पूर्ण जोरात एक डबी अडीच तासांच्या आत संपवतो. तो खोलीतलीच हवा वापरतो, म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवा, असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. मुलीने खिडकी दोन बोटं उघडली. सासूबाईंनी ती बंद केली. मुलीने पुन्हा उघडली. “अगं, ऊब करायची आणि वाऱ्यावर सोडायची?” सासूबाईंनी या वेळी खिडकीच्या फटीत रुमालही कोंबला.

थोड्या वेळाने हीटर विझला. पेटवला, पुन्हा विझला. असल्या हीटरमध्ये प्राणवायू कमी झाला की ज्योत तोडणारी सोय असते. काठाची उंची सात हजार फूट, तिथली हवा समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपट, त्यामुळे ती सोय तिथे आधीच हळवी झालेली असते. जावयाने दोष उंचीला दिला, मुलीने रुमालाला. दोघांचंही बरोबर होतं.

एवढ्यात सासऱ्यांच्या टकलावर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा. छत गळत नव्हतं. बाहेर तर चांदणं पडलेलं. एक किलो प्रोपेन जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, ते वाफेच्या रूपाने हवेत मिसळतं. फर्नेस ते धुराड्यातून बाहेर टाकते, हातातला हीटर घरातच ठेवतो. त्यात चार माणसांचे श्वास. सगळी वाफ गार छतावर आणि काचांवर जाऊन बसली आणि सवडीने खाली येऊ लागली. सासऱ्यांनी कानटोपी पुन्हा घातली. “ठिबक इथंही आहे म्हणायचं,” ते म्हणाले.

जावयाने मोबाइलवर पाहिलेला कुंडीचा प्रयोगही करून झाला. मातीची कुंडी उपडी घालायची, खाली मेणबत्त्या लावायच्या, की खोली तापते म्हणे. कुंडी तापते हे खरं, पण मेणबत्तीत असते त्यापेक्षा जास्त उष्णता ती कुठून आणणार? छोटी मेणबत्ती ३०-४० वॉट देते. झोपलेला माणूस ७०-८० वॉट देतो. म्हणजे सासरेबुवा नुसते घोरत पडले तरी दोन मेणबत्त्यांचं काम करत होते, तेही ज्योत न दाखवता. “आता शेगडीच पेटवा,” म्हणत त्यांनी ओट्याकडे हात केला, तेव्हा मात्र मुलगी आडवी आली. ओट्यावरच्या शेगडीने खोली तापवू नये, अशी सूचना प्रत्येक ट्रेलरमध्ये चिकटवलेली असते.

इथे विनोद जरा बाजूला ठेवायला हवा. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. मुंबई, पुणे, नाशिकला बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने गेलेल्या माणसांच्या बातम्या येतात, उत्तरेत बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीच्या येतात, कारण हेच. निफाडमध्येही असं एक घर सगळ्यांच्या माहितीतलं निघालं. रुमाल मुकाट्याने फटीतून निघाला, मेणबत्त्या विझल्या.

मग सासूबाई उठल्या. पातेल्यात पाणी ठेवलं, वरची झडप उघडली आणि बॅगेतून रबरी शेकपिशवी काढली. कंबरेसाठी आणली होती. तिच्या जोडीला दोन स्टीलच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून झाल्या. लिटरभर उकळतं पाणी अंगाइतकं निवेपर्यंत सहा-सात शतांश युनिट सोडतं. हिशेबात नगण्य, पण ते सगळं पायापाशी, गोधडीच्या आत. आईने एका पातेल्यात निपटवलेलं काम पाहून मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा झोपल्याचं दाखवत होता.

सकाळी पाणी ९३ अंशांवरच उकळलं, त्यामुळे चहा लवकर उकळला आणि फिकट उतरला. पण काठावर गेल्यावर तक्रारी संपल्या. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास इथल्या सुळक्यांना पौर्वात्य देवांची नावं देण्याचा पायंडा पाडला, त्यामुळे दरीत ब्रह्मा, विष्णू आणि शिव अशी तिन्ही ‘टेंपल’ उभी आहेत; रामाचं आणि कृष्णाचं ‘श्राइन’ही आहे. अगदी तळाशी दिसतो तो काळपट खडक विष्णू शिस्ट, वय सुमारे पावणेदोन अब्ज वर्षं. सासूबाईंनी प्रत्येकाला वेगळा नमस्कार केला. सासरेबुवा शिवाच्या डोक्यावरचा बर्फ बघत म्हणाले, “यांना तरी सवय आहे. विष्णूचे हाल.”

शेजारच्या जागेत मिनेसोटाचं एक निवृत्त जोडपं उतरलेलं होतं. मिनेसोटात उणे आठ म्हणजे मफलर काढायची हवा. रात्रीची हकिगत ऐकून त्या गृहस्थाने जनरेटरच्या वेळेत आपला जनरेटर दिला आणि वर तासभर शिकवणीही घेतली. त्याच्या भिंतीवर ऑलिंपियन वेव्ह होता, कॅटॅलिटिक हीटर. त्यात ज्वाला नसते. प्लॅटिनम लावलेल्या जाळीवर गॅस मंदपणे जळतो आणि समोरच्या माणसाला ऊब लागते. पंखा नाही, वीज नाही, आवाज नाही. आकारांप्रमाणे तीन, सहा किंवा आठ हजार बीटीयू. पण हवा तो खोलीतलीच खातो, तेव्हा एक खिडकी आणि छताची झडप किलकिली ठेवायचीच, आणि त्याच्या घरचा नियम असा की झोपताना बंद. त्याचा एक मित्र डिझेल हीटर वापरतो, तो मंद चालला तर रात्रीला लिटर-दीड लिटरात भागवतो आणि धूर बाहेर टाकतो. पेटताना तेवढी काही मिनिटं दहाएक अँपिअर ओढतो. लिथियम बॅटरी घ्याल तर चांगलीच, पण ती घरात ठेवा, कारण शून्याखाली तिला चार्ज केलं तर ती कायमची बिघडते.

सासरेबुवा सगळं भाषांतरातून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “एवढं असून रात्री अंगावर काय घेता?”

मिनेसोटाकराने दोन जाडजूड स्लीपिंग बॅगा दाखवल्या. सासूबाईंनी गोधडी दाखवली. त्याच्या बायकोने तिचे टाके उलटसुलट करून पाहिले आणि चर्चा हीटरवरून कायमची सरकली.

दुसऱ्या रात्रीचा बंदोबस्त असा झाला: काचांना चंदेरी बुडबुड्यांचा कागद, छताच्या एका झडपेत उशी आणि दुसरी किलकिली, झोपायच्या भागापुढे आडवी सतरंजी. फर्नेस झोपण्याआधी अर्धा तास, मग थर्मोस्टॅट १० अंशांवर. पॅसेजमधला दिवा सासूबाईंची समजूत काढून बंद. पंखा अधूनमधूनच बोलला आणि पहाटे बॅटरीत जीव होता. सासरेबुवांनी उठल्या उठल्या हात वर करून छत चाचपलं. कोरडं होतं.

सुट्टीचा उरलेला भाग त्यांनी खाली उतरण्यात घालवला. विल्यम्सहून पश्चिमेला, मग लेक हवासू सिटीवरून दक्षिणेला. त्या गावात खराखुरा जुना लंडन ब्रिज आहे. रॉबर्ट मॅक्कलॉक या उद्योगपतीने १९६८ साली तो विकत घेतला, त्याचे दर्शनी दगड आणले आणि १९७१ मध्ये वाळवंटात उभा केला. “साहेबाने पूलसुद्धा विकला?” सासरेबुवांना त्या एका वाक्यात फार समाधान मिळालं.

संध्याकाळी क्वार्टझसाइट आलं. उन्हाळ्यात दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव हिवाळ्यात चाकांवरच्या घरांनी भरून जातं. सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत दीर्घ मुक्कामाचे परवाने मिळतात. त्या जमिनीवर हुकअप कुठेच नाही. ‘नोमॅडलँड’ या चित्रपटात दिसतं ते हेच वाळवंट. गावच्या दफनभूमीत एक पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. अमेरिकी सैन्याने १८५६ साली वाळवंटासाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली तिथे विसावला आहे. लोकांनी त्याचं नाव ‘हाय जॉली’ करून टाकलं. मुंबईकर नातेवाइकांसाठी हाजी अलीला जाऊन आल्याचा फोटो काढून झाला.

जानेवारीत इथे मोठ्या तंबूत ट्रेलरवाल्यांची जत्रा भरते. हीटरच्या एका दुकानापुढे सासरेबुवा थांबले ते हललेच नाहीत. विक्रेता सत्तरीचा. जावई दुभाषा.

“किती जागा तापवायची आहे?”

“दोन एकर.”

विक्रेत्याने जावयाकडे पाहिलं. जावयाने मान हलवून आकडा बरोबर असल्याचं सांगितलं.

“भिंती?”

“नाहीत.”

“छत?”

“मांडव आहे, पण वेलीचा. द्राक्षं लागतात त्याला.”

विक्रेता खुर्ची ओढून बसला. एकेकाळी कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागांत दहिवरापासून फळ वाचवायला रात्रभर तेलाच्या शेगड्या जळत, धुराने दिशा काळ्या होत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आता तिथे पंखे लावतात, तो म्हणाला. दहा मीटर उंच खांब, त्यावर विमानासारखं पातं. शांत थंड रात्री जमिनीलगत गार हवा साठते आणि वर जरा उबदार थर तरंगतो. पंखा तो थर खाली ओढतो. विस्तव कमी, हवाच जास्त.

“पंखा!” सासऱ्यांनी जावयाकडे नजर टाकली. “आणि त्याला लाईट?”

“लाईट लागत नाही. इंजिन असतं. बरेचसे प्रोपेनवर चालतात.”

भाषांतर पोचायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. “म्हणजे ट्रेलरमधला गॅस पंख्यासाठी अडतो,” सासरेबुवा सावकाश म्हणाले, “आणि बागेतला पंखा गॅसवर चालतो. मग जावईबापू, त्यातलाच एक लहान बघून ट्रेलरला लावायचा होता!”

“काही नको,” सासूबाई मागून म्हणाल्या. “दहा वाजले की तोही बंद करायला लावतील.”